जोखीम कोणाच्या अंगावर? : मिनामाताचा पारा, मापन आणि साक्ष

१

विषारी धातू आणि त्यांपासून मनुष्याच्या आरोग्यास असणारा धोका हा विषय रसायनशास्त्राचा व वैद्यकाचा आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात का शिरावे, असा प्रश्न या विभागाच्या वाचकांस पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, जोखमीचे मूल्यमापन प्रयोगशाळेत सुरू होत असले तरी ते पूर्ण होते भाषेत. 'इतक्या मात्रेपर्यंत भीती नाही', 'अमुक व्यक्ती या रोगाची रोगी ठरत नाही', 'दिलेली रक्कम ही नुकसानभरपाई नव्हे' ही सारी वाक्ये आहेत. त्यांची रचना बहुधा कर्मणी असते, म्हणजे कर्ता दृष्टीआड असतो. आणि ज्याच्याविषयी ती बोलतात तो मनुष्य तर त्यांत क्वचितच दिसतो. वाक्यातील लपलेला कर्ता शोधणे आणि हरवलेला मनुष्य पुन्हा जागेवर आणणे हे वाङ्मयाभ्यासाचे जुनेच काम आहे.

प्रस्तुत लेखात जपानमधील मिनामाता या गावी पाऱ्याच्या विषबाधेने जे घडले त्याचा आधार घेऊन, जोखमीचे मूल्यमापन कसे केले जाते, ते कोठे अडखळते आणि एका लेखिकेच्या ग्रंथाने त्यात कोणती भर घातली, याचा विचार करावयाचा आहे. धातूंची विषबाधा अनेक ठिकाणी झाली. परंतु मापन आणि साक्ष यांचा झगडा मिनामाताइतका स्पष्टपणे इतरत्र क्वचितच वाचावयास मिळतो.

२

आरंभी आपल्याच भाषेतील दोन शब्द पाहू. पहिला शब्द 'मात्रा'. वैद्य देतो तीही मात्रा, अक्षराच्या डोक्यावर असते तीही मात्रा आणि वृत्तातील कालमापनाचे एककही मात्राच. 'त्याच्यापुढे कोणाची मात्रा चालत नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा परिमाणाबरोबर परिणामही आपल्या मनात असतो. योग्य रीतीने योजिलेले विष औषध होते आणि अयोग्य रीतीने योजिलेले औषध विष होते, हा विचार चरकसंहितेत आलेला आहे. युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने मात्रा हीच विष ठरविते असे प्रतिपादन केले. आधुनिक विषविज्ञानाची इमारत याच पायावर उभी आहे. हा पाया खोटा नाही; परंतु मात्रा मोजताना ती कोणाच्या शरीरात, कोणत्या रूपात आणि कोणत्या वयात गेली हे वगळले, तर तोच पाया खचतो.

दुसरा शब्द 'जोखीम'. मराठीत जोखीम ही केवळ संभाव्यता नसते. दागिने घेऊन प्रवासाला निघालेल्या माणसाच्या 'अंगावर जोखीम' असते. दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेली मौल्यवान वस्तू ही 'जोखमीची' वस्तू असते. म्हणजे जोखमीला वाहणारा असतो आणि सोपविणाराही असतो. कानाला तिच्या शेजारीच 'जोखणे' हे क्रियापद ऐकू येते. जोखणे म्हणजे तोलून पाहणे. शास्त्रीय लेखनात 'जोखमीचे मूल्यमापन' असा शब्दप्रयोग रूढ झाला आहे. त्यातील तोलण्याचा भाग आपण नीट शिकलो. पण जोखीम कोणाच्या अंगावर आहे आणि ती तेथे कोणी ठेवली, हा मूळ शब्दातच असलेला प्रश्न मात्र मागे पडला. पुढील विवेचनाचे सूत्र हा प्रश्नच आहे.

३

मिनामाता हे क्यूशू बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरील कुमामोतो प्रांतातील नगर. समोर शिरानुई समुद्र. बेटांनी वेढलेला, शांत आणि मासळीने समृद्ध. येथे १९०८ साली एका रासायनिक उद्योगाने कारखाना काढला. पुढे चिस्सो या नावाने तो ओळखला जाऊ लागला. १९३२ पासून या कारखान्यात ॲसिटिलीन वायूपासून ॲसिटाल्डिहाइड तयार करण्यात येऊ लागले. या क्रियेत पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरले जाई, आणि क्रियेच्या ओघात त्यातील थोडा पारा मेथिल पाऱ्यात रूपांतरित होई. सांडपाण्याबरोबर तो उपसागरात जात असे.

येथे पाऱ्याच्या रूपांमधील फरक लक्षात घेणे अवश्य आहे. धातुरूप पारा चुकून गिळला गेला तर त्याचा अत्यल्प अंश शरीरात शोषला जातो. मात्र त्याची वाफ श्वासावाटे आत गेली तर ती घातक ठरते. मेथिल पारा अन्नावाटे पोटात गेला की जवळजवळ सर्वच शोषला जातो. प्रथिनांतील गंधकयुक्त घटकांशी तो जोडला जातो, आणि त्या जोडरूपात तो शरीराच्या नित्य पोषकद्रव्यासारखा भासतो. म्हणून मेंदूच्या रक्षणार्थ असलेली सीमा आणि गर्भाभोवतीची वार ही दोन्ही दारे त्याला उघडी होतात. पाण्यात त्याचे प्रमाण नगण्य असले तरी प्लवक, लहान मासे, मोठे मासे अशा पायऱ्यांनी ते लक्षपटींनीही वाढू शकते. समुद्राचे पाणी तपासणाऱ्यास जे दिसत नाही ते मासे खाणाऱ्याच्या देहात साठते.

१९५० नंतरच्या काही वर्षांत उपसागरात मासे मरून तरंगू लागले, पक्षी आकाशातून कोसळू लागले, कोळ्यांच्या घरांतील मांजरे झोकांड्या खात, गरगर फिरत मरू लागली. एप्रिल १९५६ मध्ये सहा वर्षांची होऊ घातलेली एक मुलगी कारखान्याच्याच रुग्णालयात आणली गेली. तिला चालता येईना, बोलता येईना. त्याच वर्षी १ मे रोजी त्या रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर होसोकावा हाजिमे यांनी, मज्जासंस्थेचा अज्ञात कारणाचा रोग पसरत असल्याचे स्थानिक आरोग्य कार्यालयास कळविले. हा दिवस मिनामाता रोगाच्या अधिकृत शोधाचा दिवस मानला जातो. हातापायांस बधिरता, चालताना तोल जाणे, दृष्टीचा घेर आकुंचित होऊन नळीतून पाहिल्यासारखे दिसणे, ऐकू कमी येणे, बोलणे अडखळणे ही त्याची लक्षणे होत. प्रथम लोक त्याला 'किब्यो', म्हणजे विचित्र व्याधी, म्हणत. हा रोग सांसर्गिक असावा या समजुतीने रोगी असलेल्या घरांना शेजाऱ्यांनी वाळीत टाकल्याची उदाहरणे घडली. विष एकाचे होते. कलंक मात्र दुसऱ्याच्या माथी आला.

४

जोखमीच्या मूल्यमापनाचे चार टप्पे आज सर्वमान्य आहेत. १९८३ साली अमेरिकेतील राष्ट्रीय संशोधन परिषदेने ते सुसूत्रपणे मांडले: धोक्याची ओळख, मात्रा आणि परिणाम यांचा संबंध, प्रत्यक्ष संपर्काचे मापन आणि या तिहींवरून काढलेला जोखमीचा निष्कर्ष. मिनामाताची कथा या चार टप्प्यांनी वाचली असता प्रत्येक टप्प्यावर ज्ञानाबरोबर सत्तेचाही प्रश्न कसा उभा राहतो हे दिसते.

पहिला टप्पा ओळखीचा. कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी नोव्हेंबर १९५६ मध्येच, ही उपसागरातील मासे व शिंपले यांतून होणारी कोणत्या तरी जड धातूची विषबाधा असावी, असा निष्कर्ष काढला. धातू कोणता हे ठरण्यास मात्र आणखी सुमारे अडीच वर्षे लागली. सांडपाण्यात इतके धातू होते की मँगॅनीज, सेलेनियम, थॅलियम असे एकामागून एक संशयित पुढे येत गेले. उलगड्याचा धागा दूरच्या ग्रंथालयात होता. इंग्लंडमधील बीजप्रक्रियेच्या कारखान्यात मेथिल पाऱ्याने बाधित झालेल्या कामगारांचे वर्णन हंटर, बॉमफर्ड आणि रसेल यांनी १९४० साली केले होते. त्या वर्णनाशी मिनामाताची लक्षणे ताडून पाहिली गेली आणि जुलै १९५९ मध्ये विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविले. एका देशातील मजकूर दुसऱ्या देशातील देहाशी ताडून पाहण्याची ही कृती तुलनेच्या अभ्यासकाने विसरू नये अशी आहे.

परंतु ओळख पटणे आणि ती मान्य होणे या दोन भिन्न गोष्टी होत. होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून मांजरांवर प्रयोग चालविले होते. त्यांपैकी ४०० क्रमांकाच्या मांजराला ऑक्टोबर १९५९ मध्ये तीच लक्षणे दिसू लागली. हा निष्कर्ष बाहेर येऊ दिला गेला नाही. होसोकावा यांनी तो न्यायालयापुढे सांगितला तो १९७० साली, रुग्णशय्येवरून. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. दरम्यान कारखान्याने डिसेंबर १९५९ मध्ये शुद्धीकरणाचे यंत्र बसविल्याचा समारंभ केला, पण ते यंत्र पारा काढून टाकण्यासाठी नव्हतेच. पाऱ्याचा वापर असलेले हे उत्पादन १९६८ च्या मे महिन्यात थांबले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात शासनाने रोगाचे कारण अधिकृतपणे मान्य केले. म्हणजे विद्यापीठाच्या वाक्यापासून शासनाच्या वाक्यापर्यंत नऊ वर्षे गेली. या मधल्या काळात, १९६५ साली, निगाता प्रांतात आगानो नदीकाठी दुसऱ्या एका उद्योगाच्या सांडपाण्याने हाच रोग पुन्हा उद्भवला.

दुसरा टप्पा मात्रा आणि परिणाम यांच्या संबंधाचा. येथे केसांनी साक्ष दिली. रक्तातील मेथिल पारा वाढत्या केसात उतरतो आणि रक्ताच्या तुलनेत सुमारे अडीचशे पट प्रमाणात तेथे साठतो; म्हणून केस ही शरीराने स्वतःच लिहिलेली रोजनिशी ठरते. मिनामाताच्या रोग्यांत केसांतील पाऱ्याचे प्रमाण दशलक्ष भागांत ७०५ भागांपर्यंत आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली असा निष्कर्ष मांडला की, प्रौढांच्या केसांत हे प्रमाण ५० च्या सुमारास असता मज्जासंस्थेस इजा होण्याची शक्यता शेकडा पाच इतकी असते. परंतु गर्भवतीच्या केसांत ते १० ते २० असले तरी तिच्या गर्भास तितकाच धोका संभवतो.

या दुसऱ्या वाक्यामागे फार मोठे दुःख उभे आहे. गर्भाशयातील वार आईच्या शरीरातील विष अडवून धरते, असा त्या काळी वैद्यकाचा समज होता. मिनामातात जन्मतःच विकल असलेली मुले दिसू लागली तेव्हा, त्यांनी मासे खाल्लेच नाहीत, अतएव हा तो रोग नव्हे, असा युक्तिवाद झाला. आया मात्र वेगळे सांगत होत्या. त्यांचे ऐकून घेऊन हारादा मासाझुमी या तरुण डॉक्टरांनी त्या मुलांचा पाठपुरावा केला, आणि १९६२ च्या नोव्हेंबरात सोळा मुलांची बाधा गर्भावस्थेतील असल्याचे मान्य झाले. पुढे पुरावा मिळाला तो एका रीतीमुळे. आपल्याकडे नाळ पुरतात. जपानमध्ये ती वाळवून लहानशा पेटीत जपून ठेवतात. घराघरांतील त्या नाळांमधील मेथिल पाऱ्याचे मापन १९७५ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा नाळेतील विषाचा चढउतार कारखान्याच्या उत्पादनाच्या चढउतारासारखाच असल्याचे दिसले. आईच्या ममतेने जे जपले ते शास्त्राचे दप्तर ठरले.

तिसरा टप्पा संपर्काचा. याला इंग्रजीत जो शब्द आहे त्यात उघडे पडण्याचा अर्थ आहे. आपला 'संपर्क' हा शब्द त्या मानाने सौम्य. एखाद्या व्यक्तीच्या शरीरात दररोज किती विष जाते हे काढण्याचे गणित साधे आहे: अन्नातील प्रमाणास अन्नाच्या वजनाने गुणावयाचे आणि शरीराच्या वजनाने भागावयाचे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मेथिल पाऱ्याची दैनिक संदर्भ-मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅमला ०.१ मायक्रोग्रॅम अशी ठरविली आहे. साठ किलो वजनाच्या माणसास ती दिवसाला ६ मायक्रोग्रॅम इतकी होते. माशाच्या दर ग्रॅममध्ये ०.३ मायक्रोग्रॅम पारा असेल तर असा मासा दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला १४० ग्रॅम खाल्ला की ही मात्रा पूर्ण होते. आता माशाच्या दर ग्रॅममध्ये १० मायक्रोग्रॅम पारा आहे असे समजा. मिनामाताच्या उपसागरात याहूनही अधिक पारा असलेले मासे सापडले होते. आणि खाणारा कोळी आहे, तो दिवसाला २०० ग्रॅम मासे खातो असे समजा. त्याच्या शरीरात रोज २,००० मायक्रोग्रॅम पारा जातो. संदर्भ-मात्रेच्या तीनशे तेहतीस पट.

गणित बिनचूक आहे. प्रश्न आहे तो 'माणूस' या पदाचा. देशभराची सरासरी काढली तर मासे खाण्याचे प्रमाण मर्यादित दिसेल. पण ज्याला भाताला जोड म्हणून मासळीवाचून दुसरे काही नाही, जो समुद्राने दिलेले प्रथम घरच्या ताटात वाढतो आणि उरलेले बाजारात पाठवितो, त्याचा त्या सरासरीशी काय संबंध? सरासरी माणूस कोठेच राहत नाही. १९६० पासून तीन वर्षे शिरानुई समुद्राकाठच्या लोकांचे केस तपासण्यात आले. त्यांत समोरच्या एका बेटावरील स्त्रीच्या केसांत पाऱ्याचे प्रमाण ९२० आढळले. रोगाचा पट्टा मिनामातापुरता आखला गेला होता. विष मात्र नकाशा वाचत नव्हते.

चौथा टप्पा निष्कर्षाचा, म्हणजे सुरक्षित मर्यादेची रेषा आखण्याचा. फेरो बेटांवर १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. त्यांच्या मातांच्या आहारात देवमाशाचे मांस होते. मुलांची स्मृती, अवधान आणि भाषा यांत पाऱ्याच्या प्रमाणाबरोबर सूक्ष्म उणीव दिसली. सेशेल्स बेटांवरील तशाच अभ्यासात, जेथे माता समुद्रातील विविध मासे खात, असा परिणाम स्पष्ट दिसला नाही. माशांतील पोषक द्रव्ये मुलांच्या वाढीस उपकारक असतात हाही मुद्दा तेथून पुढे आला. म्हणून 'मासे खाऊ नका' हा निष्कर्ष शास्त्राचा नव्हे. कोणते मासे, किती आणि कोणी, हा शास्त्राचा प्रश्न आहे. उपर्युक्त ०.१ हा आकडाही निसर्गात सापडलेला नाही. नाळेच्या रक्तातील परिणामकारक प्रमाणाचा अंदाज घेऊन, माणसामाणसांतील भेद आणि ज्ञानातील उणिवा यांसाठी त्याला दहाने भागून तो काढला आहे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९७२ साली मेथिल पाऱ्यासाठी आठवड्याची मर्यादा दर किलोस ३.३ मायक्रोग्रॅम ठरविली होती. २००३ साली ती १.६ वर आणली. शिशाच्या बाबतीत तर मुलांच्या रक्तातील दखलपात्र पातळी अमेरिकेत १९७० च्या सुमारास डेसिलिटरला ४० मायक्रोग्रॅम होती. १९९१ साली ती १० झाली, २०१२ साली ५ आणि २०२१ साली ३.५. शिसे बदलले नाही. आपले पाहणे बदलले. मर्यादेची रेषा ही त्या त्या काळच्या ज्ञानाची आणि सावधपणाची रेषा असते, हे ध्यानात ठेवून ती वाचावी.

५

मूल्यमापन अचूक असूनही ते योग्य भाषेत पोहोचले नाही तर काय होते, याचे दारुण उदाहरण इराकमध्ये घडले. १९७१ साली अवर्षणानंतर तेथे पेरणीसाठी गव्हाचे बियाणे बाहेरून आणविण्यात आले. बुरशी लागू नये म्हणून त्याला मेथिल पाऱ्याचा लेप दिलेला होता. ते खाण्यासाठी नाही हे दर्शविण्याकरिता त्याला रंगही लावलेला होता. परंतु पोत्यांवरील सूचना इराकच्या खेडुतास वाचता येईल अशा भाषेत नव्हत्या, आणि रंग पाण्याने धुतला जात होता. रंग गेला म्हणजे विष गेले असे लोकांनी मानले. त्या धान्याच्या भाकऱ्या झाल्या. रुग्णालयांत ६,५३० रोगी दाखल झाले. त्यांपैकी ४५९ दगावले. या देहांवरूनच पुढे मात्रा आणि परिणाम यांचे आलेख काढण्यात आले, आणि जगाने त्या आलेखांचा उपयोग केला. अनुवाद हा केवळ साहित्याचा व्यवहार नाही. कित्येकदा तो जीवनमरणाचा व्यवहार असतो, हे भाषांच्या विद्यार्थ्याने या घटनेतून शिकावे.

६

आता साहित्याकडे वळू. इशिमुरे मिचिको (१९२७–२०१८) यांचा जन्म आमाकुसा येथला. त्या वाढल्या मिनामातात. 'कुगाई जोदो' हा त्यांचा ग्रंथ १९६९ साली प्रसिद्ध झाला. पुढील वर्षी त्यास एक मानाचा पुरस्कार जाहीर झाला, तो त्यांनी स्वीकारला नाही. १९७३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ग्रंथाच्या नावातील 'कुगाई' म्हणजे दुःखसागर आणि 'जोदो' म्हणजे निर्मल भूमी. संस्कृत बौद्ध परंपरेतील सुखावती ती हीच. मराठी वाचकाला भवसागराची कल्पना परकी नाही. परंतु आपल्या संतपरंपरेत सागर तरून जाण्यासाठी असतो. इशिमुरे यांच्या ग्रंथात दुःखाचा सागर आणि निर्मल भूमी एकमेकांना चिकटून उभी आहेत, कारण कोळ्यांचे सुख ज्या समुद्रात होते त्याच समुद्रात त्यांचे विष मिसळले गेले. हा समुद्र तरून जावयाचा नाही; तेथेच परतावयाचे आहे.

ग्रंथाची घडण विशेष आहे. त्यात होसोकावा यांचे वैद्यकीय टिपण जसेच्या तसे येते, सरकारी कागद येतात आणि त्यांच्याच शेजारी रोग्यांची स्वगते येतात, तीही तेथील बोलीत. प्रथमदर्शनी वाचकाला वाटते की ही मुलाखतींतून उतरवून घेतलेली निवेदने असावीत. वास्तविक ती तशी नाहीत. समीक्षक वातानाबे क्योजी यांनी हे स्पष्ट केले की, हा ग्रंथ ध्वनिमुद्रित साक्षींचा संग्रह नसून लेखिकेने आत्मसात केलेल्या दुःखाची निर्मिती आहे. मग त्याला साक्ष म्हणावे काय?

माझ्या मते म्हणावे. परंतु कोणत्या अर्थाने, हे काटेकोरपणे सांगितले पाहिजे. या रोगाने रोग्यांची वाणीच बाधित केली होती. वैद्यकीय टिपणात त्यांचे बोलणे 'संथ, अडखळते, अस्पष्ट' असे नोंदले जाते. ती नोंद खरी आहे. तथापि त्या नोंदीत बोलण्याची रीत येते, बोललेले येत नाही. इशिमुरे यांनी हा क्रम उलटा केला. त्यांच्या स्वगतात जी कोळीण बोलते तिची वाणी अखंड आहे: नवऱ्याबरोबर होडी हाकणे, जाळे ओढणे, समुद्राचे ऋतू, ताज्या मासळीची गोडी. विषाने काय नेले हे समजण्यास आधी काय होते हे कळावे लागते. केसातील आकडा विष किती आले ते सांगतो. गेलेले आयुष्य किती भरीव होते हे सांगण्यास त्याच्याजवळ साधन नाही. जोखमीच्या गणितात हानीची बाजू भरावयाची असेल तर ही माहिती अलंकारिक नव्हे, आवश्यक आहे.

याचबरोबर मर्यादाही मान्य केली पाहिजे. असे स्वगत न्यायालयात पुरावा होऊ शकत नाही आणि मात्रेचा आलेखही त्यावरून काढता येत नाही. होसोकावा यांचे मांजर आणि वाळलेल्या नाळा नसत्या तर केवळ करुणेच्या बळावर कारण सिद्ध झाले नसते. इशिमुरे यांनी वैद्यकीय कागद आपल्या ग्रंथात जसाच्या तसा ठेवला, यात त्यांची ही जाण दिसते. मापन आणि साक्ष एकमेकींची जागा घेत नाहीत. एक दुसरीला अपुरी ठरविते आणि म्हणूनच दोन्ही लागतात.

७

शब्दांच्या निवडीने माणसांचे काय होते हे दोन उदाहरणांनी पाहू. डिसेंबर १९५९ च्या अखेरीस कंपनीने रोग्यांशी करार केला. त्यानुसार मृतासाठी तीन लाख येन आणि जिवंत रोग्यांसाठी वार्षिक रक्कम ठरली. तिला नाव दिले गेले 'मिमाईकिन': आजाऱ्याच्या समाचाराला जाताना हातावर ठेवावयाचे पैसे. भरपाई म्हटले की अपराध येतो. समाचार म्हटला की उपकार येतो. पुढे कारखान्याचा दोष सिद्ध झाला तरी अधिक मागणी करणार नाही, असेही त्यात रोग्यांकडून लिहून घेतले होते. २० मार्च १९७३ रोजी कुमामोतोच्या न्यायालयाने कंपनी दोषी ठरविली आणि हा करार लोकनीतीस विरुद्ध म्हणून रद्दबातल मानला. आपल्या प्रशासकीय मराठीत 'सानुग्रह अनुदान' हा शब्द नित्य वाचनात येतो. त्यातील 'अनुग्रह' कोणावर आणि कोणाचा, हे मिनामाताच्या प्रकाशात पाहण्यासारखे आहे. तमिळनाडूतील कोडाईकनाल येथे थर्मामीटरचा एक कारखाना पाऱ्याच्या प्रदूषणावरून २००१ साली बंद पडला. त्याच्या ५९१ माजी कामगारांशी २०१६ साली जी तडजोड झाली तीही मानवतेच्या भूमिकेतून दिलेल्या सानुग्रह रकमेच्या रूपात झाली. शब्दांचा प्रवास देशांच्या सीमा सहज ओलांडतो.

दुसरे उदाहरण 'रोगी' या शब्दाचे. १९७१ साली जपानच्या शासनाने असे कळविले होते की, पाऱ्याचा प्रभाव नाकारता येत नसेल तर अर्जदारास रोगी मानावे. १९७७ च्या निकषांनी ही व्याख्या आवळली. अनेक लक्षणे एकत्र दिसल्याखेरीज सामान्यतः मान्यता मिळेना. केवळ बधिरता असलेले हजारो अर्जदार नाकारले गेले. त्यांना 'खोटे रोगी' असे हिणविले गेले. आजवर अधिकृत मान्यता मिळालेल्यांची संख्या दोन्ही प्रदेश मिळून सुमारे ३,००० आहे. पण २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने शासनाचे उत्तरदायित्व मान्य केले, २०१३ साली केवळ संवेदनाहीनता हे लक्षण असलेल्या व्यक्तीसही रोगी ठरविले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये ओसाका येथील जिल्हा न्यायालयाने १२८ वादींच्या बाजूने निर्णय दिला. अधिकृत शोधानंतर सदुसष्ट वर्षांनीही 'रोगी कोण' हा प्रश्न न्यायालयात उभा होता. पाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय करारास २०१३ साली मिनामाताचेच नाव देण्यात आले. तो १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला आणि २०१८ साली भारताने त्यास मान्यता दिली.

८

या विवेचनाचा उपयोग भाषा व साहित्य यांच्या विद्यार्थ्यास कोणता? आरोग्याच्या जोखमीविषयीचा कोणताही अहवाल, मग तो पाऱ्याचा असो, शिशाचा असो वा भूजलातील आर्सेनिकचा असो, हाती आला असता त्याला चार प्रश्न विचारावेत. या धोक्याचे नाव कोणी ठेवले, आणि त्या नावाने दोष कोणाकडे वळतो? मात्रा कोणाच्या देहावरून ठरली: धडधाकट प्रौढाच्या, की गर्भस्थ बालकाच्या? ज्याचा संपर्क मोजला तो माणूस सरासरीतला आहे, की तेथे राहणारा, तेथेच खाणारा? आणि निष्कर्षाचे वाक्य ज्याच्याविषयी आहे त्याला ते वाचता येईल अशा भाषेत लिहिले आहे काय?

शेवटचा प्रश्न सर्वांत अधिक आपला आहे. या देशात धातूंच्या प्रदूषणाविषयीचे अहवाल बहुतांशी इंग्रजीत निघतात आणि विहिरीचे पाणी पिणारे लोक मराठी, तमिळ, बंगाली वा भोजपुरी बोलतात. इराकच्या पोत्यांवरील सूचना आणि आपले अहवाल यांत अंतर किती, हे ज्याने त्याने पाहावे. भारतीय भाषांच्या विभागांनी कविता-कादंबऱ्यांच्या अनुवादाबरोबर असे अहवाल सुबोध व अचूक भाषेत आणण्याचे काम विद्यार्थ्यांना अभ्यास म्हणून द्यावे, अशी सूचना करून हा लेख पुरा करतो. ज्याच्या अंगावर जोखीम आहे त्याला ती जोखण्याचे शब्द मिळणे, हा त्याचा प्राथमिक अधिकार आहे.